पेन्शन आलात? आता मेडिकल परेड आपली आपणच घ्यायची
(सोलापूर जिल्ह्यातल्या नव्या माजी सैनिकांसाठी: हृदय आणि मेंदू सांभाळण्याची रीत, पायरी पायरीनं)

कडक भाकरी मोडायला ताकद लागत नाही, सवय लागते. त्या सकाळी माझ्या उजव्या हाताची बोटं भाकरीच्या कडेवर होती, पण मोडत काहीच नव्हतं. भाकरी ताटात पडली. बायकोला काही सांगायला गेलो तर शब्द तोंडातच गोळा झाले. ती म्हणाली, "अवो, तोंड का वाकडं करताय?" मी वाकडं करत नव्हतो.

दहा-बारा मिनिटांत सगळं जागेवर आलं. भाकरी मोडली, दही-चटणीबरोबर खाल्ली आणि एमआयडीसीत सिक्युरिटीच्या ड्यूटीवर गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोनं जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेलं. बीपी निघालं १७८/१०४. डॉक्टर म्हणाले, "हवालदारसाहेब, काल मेंदूचा झटका येऊन परत गेला. परतच्या वेळी तो परत जाईलच असं नाही. आणि तुम्ही छत्तीस तास काय करत होता?"

मी तोफखान्यात २४ वर्षं काढली. शेप-वन (फौजेतली सगळ्यात धडधाकट मेडिकल श्रेणी) होतो, घरी येतानासुद्धा शेप-वन. त्यानंतरची सहा वर्षं एकदाही हाताला बीपीचा पट्टा लागला नव्हता. फौजेत असताना मेडिकलची तारीख क्लार्क सांगायचा, पीटीला उस्ताद उठवायचा, वजन वाढलं तर बॅटरीत (तोफखान्यातल्या आमच्या तुकडीत) नाव निघायचं. शरीर सरकारी सामान होतं आणि सरकार त्याची मेंटेनन्स परेड घ्यायचं. डिस्चार्ज झाला की ते सामान आपल्या नावावर चढतं. लॉगबुक मात्र सोबत येत नाही, ते आपणच उघडायचं असतं.

मी डॉक्टर नाही. औषध कुठलं आणि किती, हे तुमचे डॉक्टर सांगतील. मी सांगतोय तो रस्ता, आणि त्यातले खड्डे. बरेचसे मी स्वतः पडून पाहिलेत.

१. ट्रंक उघडा, मेडिकलची कागदं बाहेर काढा

घरी येताना रिलीज मेडिकल बोर्ड झालेला असतो. त्याची प्रत डिस्चार्ज बुकाबरोबर ट्रंकेत जाते आणि मुलीच्या लग्नापर्यंत कोणी बघत नाही. ती काढा. नोकरीत कधी बीपी वाढलेलं, साखर वाढलेली, डोक्याला मार लागलेला, बेशुद्ध पडलेलं, कानाची तक्रार, उंचीवरच्या पोस्टिंगमध्ये झालेला त्रास, यातलं काय काय त्यात लिहिलंय ते वाचा. इंग्रजी अडत असेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. दोन झेरॉक्स काढा. एक डॉक्टरांच्या फाइलला, एक घरी.

कागदावर नसलेलंही आठवून लिहा. गाडी उलटली होती, दहा मिनिटं शुद्ध नव्हती, एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) पट्टी करून परत ड्यूटीला गेलो, कागद झालाच नाही. असं आपल्यातल्या कितीजणांचं असतं. डॉक्टरला ते सांगावं लागतं, कारण तो विचारणार नाही.

(डिसॅबिलिटी पेन्शन हा वेगळा विषय आहे, आणि लांबलचक. इथं त्यात शिरत नाही.)

२. ईसीएचएस कार्ड: बाकी सगळं याच्यानंतर

माजी सैनिकांची ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. त्यानंतर पेन्शन आलेल्यांना ती लागूच आहे आणि वर्गणी निवृत्तीच्या हिशेबातच कापली जाते. हवालदार हुद्द्यापर्यंत ३०,००० रुपये, एकदाच. म्हणजे पैसे आधीच गेलेत. तरी कार्ड न काढता घरी बसलेली माणसं मी माढ्यातही पाहिली आणि अक्कलकोटातही. "मला काय झालंय?" हे त्यांचं उत्तर.

लागणारी कागदं:

- पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक
- वर्गणी भरल्याचा किंवा कापल्याचा पुरावा
- स्वतःचं आणि घरच्या प्रत्येकाचं आधार, स्वतःचं पॅन
- पासपोर्ट आकाराचे फोटो, स्कॅन करून
- बायकामुलांची नावं चढल्याचा पार्ट टू ऑर्डर
- आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर

अर्ज ऑनलाइन होतो. खड्डा एकच, पण मोठा: नावाचं स्पेलिंग. पीपीओवर बायकोचं नाव एक, आधारवर दुसरं, मुलाची जन्मतारीख तिसरीच. अर्ज परत येतो आणि महिने जातात. अर्ज करण्याआधी सगळी कागदं एका टेबलावर मांडून अक्षर-अक्षर जुळवा. चूक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. रेकॉर्ड ऑफिसला काय लिहायचं आणि कसं, ते तिथं सांगतात. अर्जाची पोच जपून ठेवा, कार्ड हातात येईपर्यंत तीच कामाला येते.

बायको त्यात आहेच. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील आणि त्यांचं महिन्याचं उत्पन्न ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता या मर्यादेत असेल तर तेही बसतात. बायकोचं नाव नुसतं चढवू नका, तिचंही बीपी तपासून घ्या. आपण सीमेवर होतो तेव्हा घर, शेत आणि सासू-सासरे तिनं एकटीनं ओढले. त्या ताणाचा कुठंच मेडिकल बोर्ड झालेला नाही.

३. पॉलिक्लिनिकची पहिली फेरी

सोलापुरात ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक आहे. करमाळा, सांगोला, माळशिरसकडून येणाऱ्यांचा अख्खा दिवस जातो हे धरूनच निघा. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं, म्हणून डबा बरोबर घ्या आणि रक्त दिल्यावरच उघडा. आमचे एक साथीदार मोहोळच्या स्टँडवर वडापाव खाऊन आले आणि परत गेले.

डॉक्टरांना सरळ सांगा: "साहेब, आता पेन्शन आलोय, हृदय आणि मेंदूच्या दृष्टीनं सगळं एकदा बघून द्या." साधारण या तपासण्या होतात:

- बीपी, नाडी, वजन, कमरेचा घेर (आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेला की धोका)
- उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर (५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठ्यावर, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह)
- कोलेस्टेरॉल, त्यातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वेगळं
- क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन, कारण बीपी आणि किडनी एकमेकांची वाट लावतात
- ईसीजी

विसरायला होत असेल तर, विशेषतः शाकाहारी असाल तर, बी-१२ आणि थायरॉइडचंही विचारा.

ईसीजी नॉर्मल आला की आपण पेढे वाटायच्या बेतात असतो. ईसीजी म्हणजे त्या क्षणाचा फोटो. झोपून काढलेल्या ईसीजीत चढ चढताना अडणारी रक्तवाहिनी दिसेलच असं नाही. जिना चढताना छाती भरून येत असेल तर "ईसीजी नॉर्मल आहे" असं स्वतःच ठरवून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. पुढची तपासणी लागली तर ते रेफरल (मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी) देतात. रेफरलच्या कागदावर मुदत असते, ती निघून गेली की पुन्हा सगळी फेरी. मोठं काम निघालं तर पुण्याला जावं लागतं. तिथं कमांड हॉस्पिटल आहे, फौजेचं हृदय-छातीचं स्वतंत्र इस्पितळही आहे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन त्याच दिवशी परत येता येतं.

आता तारीख. आपण दरवर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतो, बहुतेकांचा नोव्हेंबरात. मी तोच महिना मेडिकलचा ठरवलाय. पेन्शन खात्याला जिवंत असल्याचं कळवायच्या आधी मी स्वतः खात्री करून घेतो.

४. घरी बीपी मोजायला शिका

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

बीपीला 'मुका' म्हणतात ते खोटं नाही. १७८ ला मला डोकेदुखी नव्हती, चक्कर नव्हती, काही नव्हतं. उलट बायको म्हणायची की तुमची तब्येत सुधारली, गाल वर आलेत.

मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. छोटा पट्टा आवळला की बीपी खोटंच जास्त येतं. मग:

- अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही, जिना नाही. लघवी करून या.
- खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, पायावर पाय नाही.
- बाही वर सारून दंड उघडा करा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला.
- मोजताना बोलायचं नाही. टीव्हीवर बातम्या चालू असतील तर बंद करा. मी एकदा निवडणुकीच्या निकालात मोजलं होतं, तो आकडा वहीत अजून आहे.
- मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा.

सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडा, उरलेल्यांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५, या रेषेच्या वर सरासरी राहिली तर ते वाढलेलं बीपी. वही घेऊन डॉक्टरकडे जा. एका दिवसाचा आकडा बघून घाबरू नका आणि एका दिवसाचा आकडा बघून खूशही होऊ नका.

नाडीही बघा. मनगटावर दोन बोटं, पूर्ण एक मिनिट. परेडच्या पावलासारखी एका तालात चालली पाहिजे. कधी पळते, कधी अडखळते, ताल सापडतच नाही, असं असेल तर ताबडतोब ईसीजी. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अशी बेताल थरथर असेल तर आत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून मेंदूत जाऊ शकते. हृदय आणि मेंदू एकाच लेखात का घेतले, त्याचं एक कारण हे.

सोलापूरची आणखी एक गंमत. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, घाम जातो आणि बीपी खाली येतं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, जानेवारीच्या गारठ्यात तेच वर चढतं. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात उठताना अंधारी येऊ शकते. गोळी स्वतः कमी करू नका. मार्च संपताना वही दाखवा, डॉक्टर बघतील.

५. गोळ्यांचे तीन खड्डे

पहिला: "बीपी नॉर्मल आलं, गोळी बंद." बीपी गोळीमुळे नॉर्मल आलं होतं. पहारेकरी हटवला आणि म्हणालो, चोर आहेच कुठं!

दुसरा: गुडघ्याच्या गोळ्या. आपले गुडघे पिठ्ठू घेऊन पळालेत, ते दुखणारच. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या आपण शेंगदाण्यासारख्या खातो. त्या बीपी वाढवतात, किडनीला मारतात आणि हृदयालाही धार्जिण्या नाहीत. मेडिकलच्या काउंटरवरून परस्पर घेऊ नका. हाडाच्या डॉक्टरला बीपीचं सांगा आणि बीपीच्या डॉक्टरला गुडघ्याचं.

तिसरा: महिनाअखेर. पॉलिक्लिनिकात एखादं औषध शिल्लक नसतं, आपण "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणून परततो आणि आठवडाभर बिनगोळीचे राहतो. ठरलेल्या दुकानातून ते औषध मिळण्याची सोय असते, तिथंच विचारा. तेही लांबलं तर तेवढ्या दिवसांचं जनऔषधी दुकानातून घ्या, साध्या बीपीच्या गोळ्या स्वस्त असतात. घरात दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की निघायचं. राखीव दारूगोळा संपायची वाट फौजेत कोणी बघत नाही.

६. ताट, तंबाखू, कॅन्टीन

लंगरचं (फौजेच्या भटारखान्याचं) जेवण फौजेच्या कामासाठी होतं. काम सुटलं, जेवण तेवढंच राहिलं. पहिल्या वर्षात माझं वजन नऊ किलो वाढलं.

आपलं सोलापुरी ताट मुळात वाईट नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं, पालेभाजी, कच्चा कांदा, हिवाळ्यात हुरडा. घोळ आहे मिठाचा. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, तोही सगळ्या जेवणातला मिळून. शेंगा चटणी दोन चमचे, वर लोणचं, पापड, ताकात मीठ आणि चारच्या चहाबरोबर फरसाण. हिशेब दुपारीच संपतो. पीटीत घाम गाळत होतो तेव्हा मीठ जात होतं. गेटवर खुर्चीत बसून कुठं जाणार? चटणी सोडा म्हणत नाही, सोलापुरात राहून ते कोण ऐकणार? घरी कुटून घ्या, मीठ निम्मं करा, लसूण वाढवा. पंधरा दिवस अळणी लागते, मग विकतची खारट लागायला लागते.

मावा आणि तंबाखू पूर्ण बंद. इथं निम्मं वगैरे नाही. "मी ओढत नाही, नुसती चघळतो" हे उत्तर हृदयाला कळत नाही, निकोटिन तोंडातूनही तेच काम करतं. मला सुटायला चार महिने लागले, दोनदा परत धरला. बडीशेप खिशात ठेवा आणि पहिले दहा दिवस पानटपरीचा रस्ता बदला.

आणि कॅन्टीनचा दारूचा कोटा. मिळतो म्हणून संपवलाच पाहिजे असा कुठलाही ऑर्डर नाही. "उंचीवर रम घेत होतो, काही झालं नाही" असं म्हणणारे सहकारी मला रोज भेटतात. दारू बीपी वाढवते, नाडी बेताल करते आणि झोप मोडते. आपण मात्र समजतो की ती झोप आणते.

७. चालणं आणि झोप

आठवड्याला निदान दीडशे मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगानं. पार्क मैदान, संभाजी तलावाचा काठ, सिद्धेश्वर तलावाचा परिसर, जिथं जमेल तिथं. उन्हाळ्यात साडेसहाच्या आत परत. भरतीच्या पोरांबरोबर पहिल्याच दिवशी १६०० मीटर पळायला जाऊ नका. ही फुशारकी पन्नाशीत अंगाशी येते. आधी महिनाभर चाला, तपासणी होऊ द्या.

एटीएमची नाहीतर कारखान्याची बारा तासांची रात्रपाळी आपल्यातल्या अर्ध्यांच्या वाट्याला येते. घर चालवायचं असतं, सोडा म्हणणं सोपं. निदान आठवड्याआड पाळी बदलून मागू नका, शरीराला कुठल्याच वेळापत्रकाची सवय होत नाही. बायको म्हणत असेल की घोरता-घोरता तुमचा श्वास मध्येच थांबतो आणि मग दचकून सुरू होतो, तर तो विनोद नाही. त्या आजारानं बीपी वाढतं आणि झटक्याचा धोकाही. डॉक्टरांना सांगताना बायकोला बरोबर न्या, कारण आपण झोपेत असतो.

८. कान, डोक्याचा जुना मार, आणि ज्याबद्दल आपण बोलत नाही

तोफेजवळ वर्षं काढलेल्या माणसाच्या कानात कायम रातकिडे असतात. माझ्या आहेत. घरात टीव्हीचा आवाज वाढत गेला, मग लग्नकार्यात लोक बोलतात ते कळेना, मग मी जायचंच बंद केलं. कानाचा आणि मेंदूचा संबंध असेल हे मला सुचलंही नव्हतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात कमी ऐकू येणं आहे, डोक्याला मार आहे, बीपी, मधुमेह, वाढलेलं एलडीएल, धूम्रपान, अति दारू, उदासी आणि एकटं पडणंही आहे. यादी वाचली तेव्हा आमच्या बॅटरीचा हजेरीपट वाचतोय असं वाटलं.

तेव्हा कानाची तपासणी करून घ्या. यंत्र लागलं तर ईसीएचएसमधून मिळायची सोय आहे. पहिले पंधरा दिवस भांड्यांचा आवाजसुद्धा डोक्यात जातो. काढून कपाटात ठेवू नका. मी ठेवलं होतं. नातीनं काढलं आणि म्हणाली, "आबा, तुमचा कान कपाटात आहे."

विसरण्याचं म्हणाल तर पासवर्ड विसरणं, चष्मा शोधणं हे वयाचं. पण सात रस्ता चौकात उभं राहून घराकडे कुठला रस्ता जातो ते न सुचणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं, पेन्शनचा हिशेब एकाएकी न जमणं, हे वयाचं नाही. आपल्याला ते कळतही नाही, घरच्यांना कळतं. त्यांनी सांगितलं तर भडकू नका.

आता मन. रात्री दचकून उठणं, दिवाळीच्या फटाक्याला अंग ताठ होणं, पोरांवर विनाकारण ओरडणं, काहीच करावंसं न वाटणं. फौजेत याला आपण नाव ठेवलं नाही, आणि ठेवलं ते शिवीसारखं. पण सतत ताठलेलं अंग म्हणजे सतत चढलेलं बीपी. झोप नाही, मग दारू, मग पुन्हा झोप नाही. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते मनोविकाराच्या डॉक्टरकडे पाठवतात. तोंडावर बोलायला जड जात असेल तर १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी, फुकट नंबर आहे, चोवीस तास. मराठीत बोलता येतं. फौजेबाहेर आल्यावर शेप-वनमधला पहिला एस (मनाची तब्येत) बघायला कोणी येत नाही, फोन आपणच उचलायचा.

९. झटका आला तर

हे पान घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. झटका आपल्याला येणार, धावपळ त्यांना करायची आहे.

मेंदूचा झटका कसा ओळखायचा: तोंड एका बाजूला ओढलंय, हसायला सांगा. हात, दोन्ही वर करायला लावा, एक खाली येतो. बोली, "सिद्धेश्वराच्या तलावात पाणी आहे" असं एक वाक्य म्हणायला लावा. शिवाय अचानक तोल जाणं, अचानक एका डोळ्यानं न दिसणं किंवा दोन दोन दिसणं. यातलं एकही असेल तर घड्याळ बघा आणि वेळ लिहा. माणूस शेवटचा धड कधी होता, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवाच. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे बाहेरून कळत नाही. म्हणून जवळचा दवाखाना नव्हे, चोवीस तास सीटी स्कॅन असलेलं जवळचं मोठं रुग्णालय. असं कुठलं, ते आज, धडधाकट असताना चौकशी करून ठेवा. शहरात शासकीय सिव्हिल हॉस्पिटल आहेच. तालुक्याला असाल तर रस्त्यात कुठं सीटी आहे ते बघा.

आपल्याकडे म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." मग तेल चोळणं, कुठल्या तरी गावाला औषध पाजायला नेणं. तिथं जाऊन येईपर्यंत साडेचार तास केव्हाच उलटलेले असतात. पाणी पाजू नका, घास देऊ नका, गिळता येत नसेल तर छातीत जातं. ऍस्पिरिनही देऊ नका, आत रक्तस्राव असेल तर घात होईल. कुशीवर झोपवा आणि निघा.

आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी निघा. माझी चूक करू नका. असा येऊन गेलेला झटका पुढच्याची वर्दी असतो आणि पहिले दोन दिवस सगळ्यात धोक्याचे.

हृदयाचा झटका: छातीवर कोणी बसल्यासारखा दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, थंडगार घाम, मळमळ. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना नुसता दम, नुसती मळमळ, "गॅस झालाय" एवढंच वाटू शकतं. सोडा पिऊन बघू नका. ऍस्पिरिन चावून खायची का, किती मिलिग्रॅमची, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून पाकिटावर लिहून ठेवा. चालत जिना उतरू नका, मोटरसायकलवर मागं बसून जाऊ नका. १०८ लावून ऍम्ब्युलन्स बोलवा, ती फुकट आहे. माणूस कोसळला, श्वास नाही, तर छातीच्या मधोमध जोरात दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. पोरांना शिकवून ठेवा, तुम्हाला येतच असेल.

सगळ्यात घातक गैरसमज शेवटी सांगतो: "रेफरल नसेल तर पैसे मिळत नाहीत, सकाळी पॉलिक्लिनिक उघडू दे." माझ्या ओळखीचे एक नाईक पहाटे दोनपासून नऊपर्यंत या एका वाक्यापायी घरी बसून राहिले. आज ते डाव्या हातानं सही करतात. जीवघेण्या प्रसंगी रेफरल लागत नाही. ईसीएचएसच्या यादीतल्या रुग्णालयात गेलात तर कार्ड दाखवा, पुढचं ते कळवतात आणि पैसे भरावे लागत नाहीत. यादीबाहेरच्या रुग्णालयात जावं लागलं तर बिल आधी आपण भरायचं, पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. मग सरकारी दरानं परतावा मिळतो, पूर्ण मिळेलच असं नाही. डिस्चार्ज कार्ड, तातडीचं म्हणून दाखल केल्याचं प्रमाणपत्र, प्रत्येक बिल आणि औषधाची पावती मूळ प्रतीत घ्या. रुग्णालयातून निघायच्या आधी घ्या, नंतर फेऱ्या होतात.

१०. दारामागची पिशवी

आमच्या दारामागच्या खुंटीला युनिटची जुनी हिरवी पिशवी आहे. तिच्यात:

- ईसीएचएस कार्डांच्या झेरॉक्स (मूळ कार्ड पाकिटात) आणि आधार
- चालू गोळ्यांची यादी, नाव, मिलिग्रॅम, वेळ. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर लाल अक्षरात
- कशाची ऍलर्जी आहे ते
- जुना ईसीजी, कारण नवीन ईसीजी त्याच्याशी ताडून बघतात
- बीपीची वही
- सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयाचं नाव, पॉलिक्लिनिकचा फोन, १०८, आणि गाडी असलेल्या दोन शेजाऱ्यांचे नंबर
- मोबाइलचा चार्जर आणि दोन हजार रुपये

हे पैसे दर गड्ड्याला कुणीतरी उसने घेतं आणि परत ठेवत नाही. म्हणून महिन्याच्या एक तारखेला पिशवी उघडून बघायची ड्यूटी नातीकडे दिली आहे. ती सगळं जमिनीवर मांडते, किट ले-आउटसारखं, आणि माझ्यापुढं उभी राहून मोजते. गेल्या महिन्यात गोळ्यांची यादी जुनी निघाली, तिनं मला नवीन लिहायला बसवलं.